महिन्याचं इंजेक्शन

"हे औषध माझ्या हातून जाणार नाही, सिस्टर." औषधवाल्याने चिठ्ठी खिडकीतून परत सरकवली. "वर कुठे सांगायचं तिथे सांगा."

सिस्टरने चिठ्ठीला हात लावला नाही. इस्पितळात तीस वर्षं काढलेली ही बाई. पाठीमागे सगळे तिला फौजदार म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"तीन वर्षं दर महिन्याला देताय. आजच काय झालं?"

"आज वाचलं."

एरवी त्या चिठ्ठीवर आजाराचं नाव नसे, नुसता केसचा नंबर. पण केसपेपरच्या खिडकीवर नवी कारकून आली होती, कामाला वाघ. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही हा तिचा बाणा. तिने फाइलमधलं निदान सुवाच्य अक्षरांत चिठ्ठीवर उतरवून दिलं होतं: लहान मुलांविषयी लैंगिक ओढ.

"हे इंजेक्शन प्रोस्टेटच्या कॅन्सरलाही देतात," औषधवाला म्हणाला. "मला वाटलं, बिचाऱ्याला कॅन्सर आहे. मी याला बसायला खुर्ची द्यायचो, सिस्टर. माझ्या थर्मासमधला चहा द्यायचो. आणि हा असला निघाला!"

असला निघालेला माणूस चार पावलांवर बाकावर बसून सगळं ऐकत होता. पेशाने बाइंडर. नखांच्या कडांना वाळलेली खळ. पूर्वी शाळेची पुस्तकं बांधायचा. ती न्यायला मुलं दुकानात येत म्हणून ते काम त्याने सोडलं आणि कोर्टाच्या जाडजूड वह्या बांधायला लागला. सख्ख्या भावाचं घर दोन गल्ल्या सोडून, पण पुतणे लहान आहेत म्हणून तिकडे पाय टाकत नव्हता. आता तो उठला.

"राहू द्या सिस्टर, मी निघतो."

"बसा."

तो बसला. फौजदारीचा तेवढा उपयोग होता. गेल्या वर्षी साठा संपला म्हणून एक इंजेक्शन चुकलं, तेव्हा पाचव्या आठवड्यात त्याचा फोन आला होता: सिस्टर, डोक्यात परत तेच सुरू झालंय, मी आतून कडी लावून बसलोय. आज अपमान घेऊन हा माणूस दाराबाहेर गेला, तर पुन्हा फोनसुद्धा करणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

मानसोपचार विभागात आली तेव्हा तिने तिथल्या डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं होतं, "हे येतं तरी कुठून?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मेंदूच्या घडणीत फार लवकर काहीतरी होत असावं. काहींवर लहानपणी अत्याचार झालेला असतो. पण तसं सोसलेली बहुतेक मुलं अशी होत नाहीत, हे आधी लक्षात ठेवा. ओढ कुणी निवडत नाही. कृती निवडतो, आणि तिला माफी नाही."

"मग बरं होतं का?"

"बरं होतं असं नाही म्हणणार. ताब्यात ठेवता येतं. काहींना बोलण्याचे उपचार पुरतात. या बाइंडरला ती ओढ दाबणारं औषधही लागतं. त्याने हाडं ठिसूळ होतात, ते माहीत असून तो घेतो."

औषधवाला अजून तसाच उभा होता. "माझी मुलगी सात वर्षांची आहे, सिस्टर."

"म्हणून तर द्यायचं."

"बोलायला सोपं आहे. तुमच्या घरात झालं असतं ना, मग कळलं असतं."

"झालंय."

औषधवाल्याने मान वर केली.

"धाकटी बहीण. आठ वर्षांची होती. समोरच्या घरातला माणूस, आम्ही सगळी त्याला मामा म्हणायचो. ती आज पन्नाशीला आली, अजून कुणी मागून हाक मारली की दचकते. मी हे काम घेतल्यापासून माझ्याशी बोलत नाही. तिचं काही चुकत नाही. तिने का म्हणून समजून घ्यावं? पण मामा कुठल्या डॉक्टरकडे गेला नव्हता. हा काही करायच्या आधी आलाय, आपल्या पायांनी. याला मी परत पाठवणार नाही. तुम्हाला पाठवायचं असेल तर पाठवा, पण कागदावर लिहून द्या. औषध शिल्लक होतं, मी दिलं नाही. खाली सही आणि तारीख."

तिने स्वतःचं पेन टेबलावर आपटलं. औषधवाल्याने ते उचललं. मग खाली ठेवून आत कपाटाकडे गेला आणि खोका घेऊन आला.

"मला पटलेलं नाही हे."

"पटवून घ्या असं कुणी म्हटलंय? खोका द्या."

चिठ्ठीवरच्या त्या ओळीवर तिने तिथेच काळी शाई फिरवली. त्या कारकूनबाईचा समाचार नंतर घ्यायचा होता.

आतल्या खोलीत बाइंडरने बाही वर केली. "तुमच्या बहिणीचं मला माहीत नव्हतं."

"माहीत असायचं कारणच नाही."

"मग तुम्हाला माझ्याकडे बघवतं कसं?"

"काही दिवस नाही बघवत," सिस्टर म्हणाली. "तेव्हा नुसता दंड बघते. सैल सोडा हात."

सुई गेली. तो काही म्हणायला गेला, तशी ती उखडली. "आभारबिभार मानू नका. तुमच्यासाठी नाही करत मी. पुढची तारीख चुकवलीत तर घरी येऊन टोचीन, सांगून ठेवते."

तो गेल्यावर हात धुताधुता तिने खिडकीतून पाहिलं. लहान मुलांच्या लसीचा दिवस होता. फाटकाकडे जाणाऱ्या सरळ वाटेवर आया मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. एक पोरगं भोकाड पसरून रडत होतं. बाइंडर पायरीवर थांबला आणि डावीकडे वळला, धोबीखान्यामागच्या वाटेला. तिकडून संपूर्ण इमारतीला वळसा पडतो.

"अहो, फाटक इकडे आहे!" पहारेकरी ओरडला. "उगाच उन्हातून कशाला जाता?"

बाइंडरने न वळता एक हात वर केला, दुसऱ्या हाताने दंडावरचा कापूस दाबून धरला, आणि तो चालत राहिला.