गोलात उभी राहिलेली सानेल्मा

गुरुवार होता, म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप. मार्युक्का तीनशे मुलांचं पातेलं ढवळत होती, तेवढ्यात फोन वाजला. वरच्या लीगमधल्या शहरी क्लबचा प्रशिक्षक बोलत होता. शनिवारी हिलेवी त्यांना हवी होती.

हिलेवी एकोणीस वर्षांची, गावच्या महिला आइस हॉकी संघाची एकुलती एक गोलकीपर. तिचा करार शहरी क्लबशी होता. तिथे तिच्या आधी दोघी असल्यामुळे हंगामापुरती तिला खाली, दुसऱ्या श्रेणीत खेळायला दिली होती. वर गरज पडली की कधीही परत न्यायची, असं कागदावर होतं आणि त्याखाली संघाची व्यवस्थापक म्हणून मार्युक्काचीच सही होती.

"अहो, शनिवारी आमचीही मॅच आहे," ती म्हणाली. "नोव्हेंबरात सगळ्या तापाने पडल्या, तेव्हा एक सोडावी लागली. आता दुसरी सोडली तर लीग आम्हाला काढूनच टाकेल."

"माझी एक मुलगी जायबंदी आहे. मी तरी काय करू?"

त्याचंही खोटं नव्हतं. मार्युक्काने हिलेवीला फोन लावला.

"तू म्हणालीस तर नाही म्हणून सांगते त्यांना," हिलेवी म्हणाली. पण तिचा आवाज आनंदाने थरथरत होता, आणि तो लपवायचा तिचा प्रयत्नही ऐकू येत होता.

"वेडी आहेस का? जा तू."

मग तिला औती आठवली. सेहेचाळीस वर्षांची, जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवणारी. दहा वर्षांपूर्वी हीच गोलात उभी राहायची. ती एका शब्दावर तयार झाली, माळ्यावरून जुने पॅडही काढून ठेवले. राहिली फक्त नोंदणी. मार्युक्काने लीगच्या कचेरीत ओयंताकनेनना गाठलं.

"नोंदणी एकतीस जानेवारीला बंद झाली," ते म्हणाले.

"आज दोन फेब्रुवारी आहे हो."

"कळतंय मला. पण मी हो म्हटलं आणि समोरच्या क्लबने हरकत घेतली, तर मॅच खेळूनही तुम्ही हरलेल्याच धरल्या जाल." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "नोंदणी असलेली कुणीही गोलात उभी राहू शकते. एवढंच सांगू शकतो."

संध्याकाळी सरावाला दहा जणी आल्या. मार्युक्काने सगळं सांगितल्यावर कुणी कुणाकडे बघेना. शेवटी कर्णधार सानेल्मा उठली आणि औतीने पाठवलेले पॅड पायांना लावून बघू लागली. तिच्या घरी चाळीस गाई होत्या. रोज पहाटे त्यांचं दूध काढून ती दिवस सुरू करायची.

"गाईच्या लाथा खाल्ल्यात मी," ती म्हणाली. "त्या रबरी पकचं काय एवढं."

शनिवारी बसने चार तास जाऊन त्या खेळल्या. पहिल्या वीस मिनिटांत सहा गोल झाले. सानेल्मा हातपाय झोकून देत होती, पण पक कुठून येणार हे तिला उमगेपर्यंत तो जाळीत गेलेला असायचा. मार्युक्का खेळाडू बदलताना बाकापुढचं दार उघडत होती, लावत होती, बाटल्या भरत होती. त्याहून तिच्या हातात काहीच नव्हतं.

तीनपैकी दुसरा डाव संपून मध्यंतर झालं तेव्हा अकरा-शून्य होतं. समोरच्या संघाची प्रशिक्षिका आली आणि हळूच म्हणाली, "मुलींना जरा सबुरीने खेळायला सांगू का?"

मार्युक्का हो म्हणणारच होती. पण सानेल्माने हेल्मेट काढलं. तिच्या गळ्याखाली काळंनिळं झालं होतं. "आम्ही खेळायला आलोय, बाई. तुम्हीही खेळा."

सोळा-शून्य. पण मॅच झाली होती आणि संघ लीगमध्ये होता. परतताना बसमध्ये मुली दमून झोपल्या. मार्युक्काच्या फोनवर हिलेवीचा निरोप आला, की तिला एक मिनिटही बर्फावर उतरवलं नाही, सगळी मॅच तिने बाकावर बसून काढली. मार्युक्काने तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

मार्चमध्ये हंगाम संपला तेव्हा तळाच्या दोन संघांचे गुण सारखे होते. अशा वेळी कुणी किती गोल केले आणि किती खाल्ले, याचा हिशेब होतो. त्यात मार्युक्काचा संघ चार गोलांनी मागे पडला. त्यांना खालच्या श्रेणीत जावं लागणार होतं. ओयंताकनेननी पत्र धाडण्याआधी स्वतः फोन करून सांगितलं.

"चूक कुणाचीच नाही यात," ते म्हणाले.

"तेच तर. असती तर भांडले तरी असते मी," मार्युक्का म्हणाली.

तिने सानेल्माला फोन लावला. मागे दूध काढायच्या यंत्राची धडधड चालू होती.

"किती गोलांनी?" सानेल्माने विचारलं.

"चार."

मागची धडधड थांबली; सानेल्माने यंत्र बंद केलं होतं.

"मी त्यांच्या प्रशिक्षिकेला उगाच अडवलं ना, मार्युक्का?"

मार्युक्काला नाही म्हणायचं होतं. त्या दिवशी सानेल्मा जे बोलली त्याचा तिला अभिमान वाटला होता, तेही सांगायचं होतं. पण चार हा आकडा दोघींच्या मध्ये उभा होता.

"गाई खोळंबल्यात," सानेल्मा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाकीच्या नऊ जणींना अजून कळवायचं होतं. मार्युक्काने यादी उघडली, आणि पहिल्या नावाकडे बघत तशीच बसून राहिली.