पप्पांना सांगण्याआधी

केतनच्या टेंपोत मागे तांदळाच्या गोण्या आणि पुढे त्याची बडबड, अशी कायमची भरती असे. पोशीरहून निघाल्यापासून त्याची जीभ टाळ्याला लागली नव्हती. शेजारी बसलेली त्याची रूपा, आठवीतली, बोलण्यात एरवी बापाच्या वरताण. आज मात्र मांडीवरचा मोबाईल घट्ट धरून गप्प होती. खोपोलीच्या शिळफाट्याला वह्या घ्यायच्यात असं सांगून ती सोबत आली होती. वह्या काय कर्जतला मिळत नाहीत, हा साधा प्रश्न त्या भल्या माणसाला पडला नाही. पोरगी सोबत येते म्हणाली, यातच स्वारी खूश.

वह्याबिह्या काही घ्यायच्या नव्हत्या. शिळफाट्याला तिला आर्यन भेटणार होता.

मोबाईलवरच्या खेळात ओळख झालेला हा आर्यन म्हणे रसायनीचा, दहावीतला. गोड बोलायचा, गणितं सोडवून द्यायचा. एकदा त्याने फोटो मागितला आणि रूपाने टेंपोपुढे उभं राहून काढलेला हौसेने पाठवला. टेंपोवर पप्पांचं नाव आणि नंबर चांगला लालभडक रंगवलेला, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच्या बरोबर ध्यानात आलं. त्याने तिचा चेहरा एका घाणेरड्या फोटोला चिकटवून परत पाठवला आणि खाली लिहिलं, ‘शनिवारी एकटी भेटायला ये. नाहीतर हा तुझ्या पप्पांना पाठवतो.’

तिला त्याची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त शेजारी बसलेल्या माणसाची वाटत होती. गेल्या साली गावातली एक मुलगी मोबाईलवरच्या ओळखीतून घर सोडून गेली, तेव्हा केतनने जेवता जेवता बजावलं होतं, “आपल्या घरात असलं काय दिसलं, तर त्याच दिवशी शाळा बंद!” शाळा सुटण्यापेक्षा एकदा जाऊन त्याच्या पाया पडावं, म्हणजे मिटेल सगळं, असं त्या खुळ्या पोरीने मनाशी ठरवलं होतं.

शिळफाटा आला. केतनने टेंपो कडेला घेतला.

“उतर. मी समोरच्या गाळ्यात गोण्या उतरवतो. काय लागलं तर ये परत, मी हितंच हाय.”

रूपाने दार उघडलं. एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा काही केल्या उचलेना.

“पप्पा, काय पण झालं तरी येऊ?”

“म्हंजे?”

“वरडणार नाय ना?”

केतनने तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने इंजिन बंद केलं. तोंडाने सांगणं तिला जमेना, म्हणून तिने मोबाईलच पुढे केला. तो वाचत गेला. वाचून झाल्यावर त्याने सीटखाली हात घातला आणि चाक खोलायचा लोखंडी दांडा बाहेर काढला.

“कुठं हाय तो?”

रूपाने दोन्ही हातांनी त्याची बाही पकडली. “पप्पा, नका ना जाऊ! तुमी माराल, मग तुमालाच धरतील. तस्लीम मॅडमनी शाळेत सांगितलंय, मेसेज पुसायचे नायत, घरच्यांना सांगायचं, पोलिसांकडं जायचं.”

“मग मला का नाय सांगितलंस गं? बाप मेला व्हता का तुझा?”

“तुमी शाळा बंद केली असती.”

दांडा त्याने खाली ठेवला. “चल,” एवढंच म्हणाला. गोण्या तशाच राहिल्या.

पोलीस ठाण्यात हवालदारबाईंनी रूपाला आधी पाणी दिलं, मग सगळे मेसेज वाचले. साध्या कपड्यातले दोघे शिळफाट्याला गेले आणि आर्यनला घेऊनच आले. हा कसला दहावीतला? चांगला मिशीवाला बाप्या, केतनच्याच वयाचा. रूपा आतल्या खोलीच्या खिडकीतून पाहतच राहिली. केतन ताडकन उठला. हवालदारबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो मुठी आवळून पुन्हा बाकावर बसला. आयुष्यात एवढं जड काम त्याने कधी केलं नव्हतं.

परतताना केतन गप्प होता. रूपाला त्याच्या ओरडण्यापेक्षा या गप्प बसण्याचीच धास्ती वाटू लागली. पळसदरी मागे गेल्यावर तिने कसंबसं विचारलं, “पप्पा, शाळा?”

“शाळेचं काय? सोमवारी मी सोडतो तुला.”

“आन् लोकं काय बोलली तर?”

“गुन्हा त्यानं केला आन् घरात तू बसणार? लोकांचं मी बघतो.”

तेव्हा कुठे रूपाला रडू फुटलं, इतके दिवस दाबून ठेवलेलं, मोठ्याने. केतनने टेंपो बाजूला घेतला. गप्प हो असं तो म्हणाला नाही. मागून गाड्या हॉर्न मारत पुढे गेल्या, जाऊ दिल्या.

“बाय,” शेवटी तो म्हणाला, “मला घाबरून तू त्याच्याकडं चालली व्हतीस गं.”

त्याने तिला जवळ ओढलं आणि शर्टाच्या बाहीने आधी तिचे डोळे पुसले, मग आपले.