सांदवाडीतला ओव्हन

शोभाचा तिसरा केकही मधोमध कच्चा निघाला, तेव्हा मी मनातल्या मनात त्या ओव्हनला चार शिव्या हासडल्या आणि तोंडानं म्हणालो, "कडा तर झकास झाल्या." यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या कडा मी मुकाट्यानं खाऊन टाकल्या.

ओव्हन तिच्या काटोलच्या भावानं सीताबर्डीच्या बाजारातून घेऊन दिला होता. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत तेव्हा तो एकुलता एक. पण तो स्वयंपाकघरात नव्हता. मागच्या अंगणात, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सांदवाडीत, पत्र्याखाली मटणाच्या चुलीशेजारी होता. माझी आई, म्हणजे शोभाची सासू जिजाबाई, माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून अंडं-मटण काय शिजायचं ते तिथंच शिजे, वेगळ्या भांड्यांत. ओव्हनमधला पहिला केक भावाच्या हौसेखातर अंड्याचा झाला, आणि ओव्हनची रवानगी त्या चुलीच्या पंगतीला झाली.

गेल्या वर्षी आमच्या लेकीच्या, चित्राच्या वाढदिवसाला मी बेकरीतून केक आणला होता. पोरीनं पहिला तुकडा उचलून आजीच्या तोंडाशी नेला आणि आईनं मान फिरवली. तिचाही नाइलाज होता. पण चित्रा हुंदके देत झोपली आणि आई त्या रात्री जेवली नाही. पुढच्या वाढदिवसाला आजी खाईल असा केक घरीच करायचा, हे शोभानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं. म्हणून अंड्याऐवजी काटोलच्या संत्र्यांचा रस आणि सोडा. आता वाढदिवस परवावर आला होता.

शेजारच्या कुसुमताई कुंपणावरून म्हणाल्या, "अंड्याबिगर केक होतच नाही वं शोभा. कायले जीव काढून राहिली?"

"मग आई कशा खातीन, ताई?" शोभा म्हणाली. तिच्या आवाजात आता दम उरला नव्हता, आणि ते मला सहन झालं नाही.

विजेचं मला कळतं, असा गल्लीत माझा लौकिक होता. गणपतीची रोषणाई दरवर्षी मीच करायचो. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पेचकस घेऊन मी सांदवाडीत बसलो. प्लग उघडून आवळला, पिना घासल्या, कॉइल ब्रशनं साफ केली. तुटलेली कुठंच नव्हती. चालू केली, की लालभडक व्हायच्या ऐवजी जेमतेम तांबूस होऊन रुसून बसायची.

"दुकानात कशी लाल झाली होती!" शोभा म्हणाली.

"दुकानदारानं दाखवला एक आणि बांधून दिला दुसरा," मी ठणकावून सांगितलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मला कुणीतरी हवंच होतं.

तेवढ्यात आई तुळस खुडायला अनवाणी बाहेर आली. पौषातली थंडी, फरशी गार. बैठकीतल्या प्लगपासून खिडकीतून मी ओव्हनपर्यंत वायर आणली होती. आईचा पाय तिच्यावर पडला आणि ती तिथंच उभी राहिली.

"रवी, हे वायर काहून गरम हाय गा? पायाले मस्त शेक बसून राहिला."

"करंट जातो त्यातून, माय. बाजूला हो आधी!"

"थे समजलं मले," आई बाजूला होत म्हणाली. "पण ओव्हन थंडा अन् वायर गरम, हे कसं?"

मी बटण बंद केलं आणि वायर चाचपली. गणपतीची होती. लहान दिव्यांच्या माळांसाठी घेतलेली, बारीक, तीन तुकडे टेप लावून जोडलेले. एका जोडावरची टेप मऊ पडली होती. ओव्हनची निम्मी ताकद वाटेतच संपत होती, आणि मी बसलो होतो कॉइल घासत. माझा चेहरा पाहून शोभा कितीतरी दिवसांनी हसली.

"उद्या जाड वायर आणतो," मी म्हणालो. "मोठा पॉइंट घरात एकच, स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळचा. तिथून दारातून इथवर ओढतो."

आई तुळशीची पानं पदरात धरून ऐकत होती. "तिथून इथवर वायर येते, तर इथून तिथवर ओव्हन काहून नाही जात?"

"आई, त्यात अंडं झालं आहे," शोभा हळूच म्हणाली.

"ठाऊक हाय न मले." आईचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मग ती म्हणाली, "रवी, थे तारा-बिरा काढून घे. चिंच आण वं शोभा."

ओव्हन आईनं स्वतः घासला. चिंचेनं, मग राखेनं, मग पुन्हा चिंचेनं. दिवसभर उन्हात ठेवला आणि संध्याकाळी स्वतःच उचलून ओट्यावर ठेवला. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "तू रोषणाई कर."

वाढदिवसाला कॉइल लालभडक झाली. केक फुगला, घरभर संत्र्याच्या सालीचा वास सुटला, आणि शोभा काचेच्या खिडकीसमोरून हलेना. सुरी मधोमध घातली, कोरडी निघाली.

चित्रानं पहिला तुकडा उचलला आणि आजीसमोर जाऊन उभी राहिली. हात मात्र पुढे करेना. आईनं तिचं मनगट धरलं, तुकडा तोंडात घेतला आणि डोळे मिटून चावला.

"चांगला झाला," ती म्हणाली. मग शोभाकडे वळली. "तुह्या भावाले अंड्याचा लागते न? तो आला का इथंच करजो. माह्यासाठी मांगं एक नवी चूल मांडून दे. त्या दिवशी मी माही भाकर तिथं थापीन."

तीन केक वाया गेले तेव्हा न रडलेली शोभा आता रडली.

"तुम्ही नाही जाणार सांदवाडीत, आई," ती डोळे पुसत म्हणाली. "भाऊ हाच खाईन, नाहीतर उपाशी जाईन काटोलले."

चित्रानं दुसरा तुकडा उचलून आजीकडे पाहिलं. आई आधीच तोंड उघडून बसली होती.