बेंड पाइप आणि बाबांची झडप

माझ्या नवऱ्याने, निकेतने, शेवटी बुलेटसाठी तीनशे चार नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप घेतला, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा त्यातच अडकून पडायचा, जसे आम्ही घरातले सगळे गणपतीपासून शिमग्यापर्यंत अडकून पडलो होतो.

मालवणात लोखंडाला हवा खाते. मी आंबोलीची. आमच्याकडे पाऊस इतका की चपलांवर बुरशी येते, पण पाऊस गेला की गंज तरी थांबतो. इथे खाऱ्या वाऱ्याला सुट्टीच नाही. बिजागऱ्या, कड्या, गॅसची शेगडी, जिथे बोट लावाल तिथे तांबूस पूड. आणि निकेतची बुलेट रोज बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जाते, ओल्या वाळूतून. पुढचं चाक ती वाळू उडवतं ती नेमकी बेंड पाइपवर. इंजिनाच्या तोंडातून धूर बाहेर नेणारा जो पहिला वाकडा नळ असतो, तो बेंड पाइप. निकेत त्याला हेडर म्हणतो, कारण मोबाइलवर तसं म्हणतात.

त्या पाइपाला वाकणावर भोक पडलं. बंदरावरच्या बाळा वेल्डरने ते बुजवलं, तर शेजारी दुसरं पडलं. शेवटी बाळा म्हणाला, "निकेत, आता ठिगळाक ठिगळ लावचा लागतला. नवीन घे रे बाबा." झालं. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात धातूंचं कॉलेज भरायला लागलं.

माशाची आमटी ताटात निवत असायची आणि निकेत सांगत असायचा. साधं लोखंड स्वस्त, पण वरचा क्रोमचा मुलामा एकदा सुटला की संपलं. शिवाय गाडी थंड झाली की आत पाणी सुटतं आणि पाइप आतून कुजत जातो, बाहेरून चकचकीत दिसत असला तरी. सिरॅमिकचा लेप लावला तर उष्णता आत राहते, पण आमच्या रस्त्यावरचा चिऱ्याचा खडा उडून टवका निघाला की त्याखाली मीठ शिरणारच. स्टेनलेसला म्हणे स्वतःची एक पातळ कातडी असते. खरचटली तरी हवेने आपोआप परत धरते, फक्त तिच्यावर मीठ साचू द्यायचं नाही. तीनशे चार चांगलं, तीनशे सोळा खाऱ्या हवेला त्याहून चांगलं, आणि टायटेनियम म्हणजे तर काय विचारूच नका. हलकं, समुद्राला न भिणारं, तापलं की सोनेरी, मग जांभळं, मग निळं होणारं. "आयुष्यात एकदाच लावायचा, मग बघायला नको," असं म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा की लग्नात माझ्याकडे बघतानासुद्धा झाला नसेल.

मग त्याने फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात घालून फिरायला सुरुवात केली. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, अशी त्याची आधी समजूत. त्या समजुतीपायी त्याने माझ्या सासूबाईंचे अर्धे चमचे नापास केले. सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, मासळी बाजारात पाटी लावून बसतात. त्यांच्याशी वाद घालायला गिऱ्हाइकंही धजत नाहीत.

"माज्या म्हायारच्या भांड्यांक परत तो दगड लावलंस तर बघ!" त्या कडाडल्या.

पुढे निकेतच्याच वाचनात आलं की स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतो, आणि कंपन्या त्याच जातींचे धुराचे नळ बनवतात. शिवाय न चिकटणारं स्टील वाकवलं तर वाकणावर थोडं चिकटायला लागतं. चमचे पास झाले. सासूबाईंनी त्याबद्दल त्याला अजून माफ केलेलं नाही.

या सगळ्यात माझे सासरे विठोबा गप्प जेवायचे. बाबांची स्वतःची छोटी होडी आहे. जाळं आणि गरी, म्हणजे गळ, दोन्ही करतात. त्यांच्या हातांवर गळांनी, माशांच्या काट्यांनी आणि सुऱ्यांनी इतक्या आडव्यातिडव्या रेघोट्या काढल्या आहेत की ज्योतिषी हात बघायला घाबरेल. एकदाच त्यांनी तोंड उघडलं.

"आणि मोडलो तर?"

"टायटेनियम गंजणा नाय, बाबा."

"गंजाचा नाय, मोडाचा विचारतंय. गाडी हादरता मां? चीर गेली तर?"

निकेतने मान खाजवली. "मगे बाळाक जोडूक जमाचा नाय. तेका आतून-भायरून वेगळो वायू सोडूक लागता. पुण्याक धाडूक लागात."

"म्हणजे मोडणा नाय तवसर बरो," बाबा म्हणाले आणि भातावर आमटी वाढून घेतली. निकेत दोन दिवस फुगून होता.

हे असंच गमतीत चाललं असतं, पण थंडीत बाबांना जाळं ओढताना दम लागायला लागला. आधी त्यांनी लपवलं. मग एका सकाळी होडी वाळूवर घेताना ते मधेच खाली बसले, आणि बाजारात ही बातमी सासूबाईंच्या आधी त्यांच्या गिऱ्हाइकांना कळली. तपासण्या झाल्या. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडावरची झडप कडक होऊन आकसली होती. ती बदलायला हवी होती, आणि लवकर.

निकेतने बाबांना समजावून सांगितलं, त्याला येतं त्याच भाषेत. "इंजिन बरा आसा, बाबा. भायर जाणारी वाट अरुंद झाली हा. म्हणान दम लागता."

"मरे! म्हणजे माझोच बेंड पाइप गेलो," बाबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. हसता हसता सासूबाई आत निघून गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत बसल्या, सकाळीच घासलेली.

गोव्यातल्या एका इस्पितळात तारीख मिळाली. आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा चौघांना समोर बसवलं. तरुण होते, शांत होते, आणि घाईत नव्हते, हे मला फार आवडलं. ते म्हणाले, "झडप दोन प्रकारची असते. एक धातू आणि कार्बनची. ती बहुतेक जन्मभर टिकते. पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि वरचेवर रक्त तपासावं लागतं. दुसरी प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली. तिला ती गोळी कायमची लागत नाही. मात्र दहा-पंधरा वर्षांत ती झिजते, आणि परत बदलावी लागते. फार तरुण माणसाला आम्ही पहिली सुचवतो, म्हाताऱ्याला दुसरी. तुमचं वय नेमकं मधलं आहे. दोन्ही चालतील. ठरवायचं तुम्ही."

"धातूची," निकेत म्हणाला. डॉक्टरांचं वाक्य अजून हवेतच होतं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. ऑफिसात बोलायची जी मराठी ते वर्षातून दोनदा वापरतात, ती त्यांनी बाहेर काढली. "डॉक्टरसाहेब, रक्त पातळ म्हणजे कापलं तर थांबायचं नाही?"

डॉक्टरांनी हात बघितले. मग विचारलं, "काय करता आपण?"

"मासे मारतो."

"एकटे जाता?"

"कधी एकटा, कधी कोणी सोबत."

"मग स्पष्ट सांगतो. धातूची झडप बसवली तर गळ, सुऱ्या आणि एकटं समुद्रात जाणं, हे मी सोडायला सांगेन. किनाऱ्यावरचं काही काम करता येईल."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. निकेत गेली कित्येक वर्षं बाबांनी दर्या सोडावा म्हणून काय काय करत आला होता. कधी होडीला गिऱ्हाईक आणायचा, कधी बर्फाच्या कारखान्यात पहारेकऱ्याची जागा काढायचा. बाबा दाद देत नव्हते. आता एका झडपेने ते काम होणार होतं, आणि तेही डॉक्टरांच्या तोंडून. माझा नवरा वाईट नाही. पण त्याने त्या क्षणी फक्त टिकाऊपणा बघितला होता, असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

"बाहेर बसून बोला, मग या," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आवारात बदामाच्या झाडाखाली बाकडं होतं. निकेत बसलाच नाही. बाकड्यासमोर येरझाऱ्या घालत म्हणाला, "बाबा, धा वर्सांनी परत छाती उघडूची? सत्तरी उलटल्यार? त्यापेक्षा एकदाच काय ता होवन जांव दे. जन्मभराचा काम."

"जन्मभर काय करू?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"ती झडप जन्मभर चलतली. मी काय करतलंय? बंदरार बसान दुसऱ्यांच्या होडये मोजू?"

"नातवंडांका खेळवा!"

आम्हाला अजून मूल नाही, तेव्हा हे मला उद्देशून होतं, आणि अशा जागी होतं म्हणून मी गिळलं. सासूबाईंनी मात्र गिळलं नाही. "तिका कित्याक मधी हाडतंस?" म्हणाल्या. मग बाबांकडे वळून, जरा खाली आवाजात, "ती दुसरी... ती खंयच्या जनावराची रे असता, निकेत?"

"गायची. नाय तर डुकराची."

सासूबाईंनी डोळे मिटले. देवळाच्या पायरीवर डोकं टेकल्याशिवाय त्या पाटीसुद्धा उचलत नाहीत, म्हणून मला वाटलं, आता संपलं, हा मार्ग बंद झाला. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "गाय तर गाय. आवस म्हणतो मां तिका? आवशीन आजवर काय नाय दिल्यान?"

बाबांनी बायकोकडे असं बघितलं की मी नजर दुसरीकडे वळवली.

निकेतला आता आधार उरला नव्हता, म्हणून त्याचा आवाज चढला. "तुमका दोघांका कळणा नाय! मी साध्या पायपाचो इतको विचार करतंय, आणि हयसर बापाशीच्या काळजाक दहा वर्सांचा सामान लावू?"

"पायपाचो विचार तू बरोच केलंस," बाबा म्हणाले. ते अजिबात रागावलेले नव्हते, आणि त्यामुळेच ऐकायला जड जात होतं. "खंयचो गंजता, खंयचो मोडता, खंयचो हयसर जोडूक येता, सगळा बघलंस. गाडी खंयसून जाता ता पण बघलंस. माजा काय बघलंस? मी खंयसून जातंय?"

निकेत थांबला. मग एकदम बाकड्यावर बाबांच्या शेजारी बसला आणि लहान मुलासारखा बोलायला लागला. "माका भिया वाटता, बाबा. तुमी काळोखात होडी ढकलतास, आणि मी कारखान्यात मशीन बघतंय, पण कान तुमच्या इंजिनाक. वारो फिरलो काय माज्या हातातला काम सुटता. लग्नाआधीपासून असाच आसा. कोणाक सांगूक नाय. वर्षालीक पण नाय."

मला, म्हणजे वर्षालीला, खरंच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपून मला वाटायचं की हा माणूस पहाटे उठतो तो गाडी पुसायला.

"ती झडप लावल्यार तुमी घरात रवश्यात," तो म्हणाला. "माका तितकाच व्हया होता. माका तुमी व्हये आसास."

समोरच्या पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींना वाट देत होत्या. बाबांनी आपला खरबरीत हात निकेतच्या मानेवर ठेवला, लहानपणी ठेवत असतील तसा.

"तुका बापूस व्हयो, ता माका कळता. पण माका विठोबा व्हयो रे. दर्यार जाणारो. तो नाय रवलो, तर तुज्या घरात जो बसतलो तो कोण, ता माकाच म्हायत नाय."

सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला. मला कोणाची बाजू घ्यावी हे कळत नव्हतं. दोघंही खरं बोलत होते. एकाला वडील गमवायचे नव्हते आणि दुसऱ्याला स्वतःला. जास्त वर्षं की जास्त आपली वर्षं, हे दुसऱ्याने कसं ठरवायचं? माझं लग्न झालं त्या घरात इतक्या मोठ्या प्रश्नावर कधी कोणी बोललं नव्हतं, आणि बोलायला आम्हाला इस्पितळाचं आवार लागलं, याचा मला तेव्हा रागच आला.

शिपाई बोलवायला आला. आम्ही परत त्या खोलीत गेलो. डॉक्टरांनी पेन हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे घरच्या कर्त्या मुलाकडे बघितलं. "मग? काय ठरलं?"

सांगता आलं असतं बाबांना, पण त्यांनी ते निकेतसाठी ठेवलं.

निकेत खुर्चीत पुढे सरकला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ऊतीची झडप बसवली, तर बाबांना परत होडी ढकलायला कधी जाता येईल?"

प्रश्न संपेपर्यंत त्याचा आवाज फुटला होता. पण विचारला त्यानेच.