पायरी चौथी

दर एकोणतिसाव्या दिवशी बारकाईबाई संगणकासमोर बसत, तीन शब्द लिहीत आणि उठत. ‘अजून तसंच आहे.’ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखांभोवती लाल पेन्सिलीचे गोल होते. घरातल्यांना आधी वाटलं, औषधाचा दिवस असेल.

बारकाईबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, तेव्हा वैतागलेल्या खिळे-जुळाऱ्यांनी ठेवलेलं ते नाव. एवढीशी चूक दिसली तरी बाई छपाई थांबवायला लावत. नाव चेष्टेने ठेवलं होतं, पण बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं.

आता हे तीन शब्द कशासाठी, ते सांगताना त्यांचा आवाज अजूनही चढतो, आणि का चढू नये?

बाईंच्या थोरल्या जाऊबाई अंध वाचकांसाठी बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय चालवत. दोन खोल्या, खाली चष्म्याचं दुकान. चष्म्याच्या डोक्यावर अंधांचं ग्रंथालय, यावर जाऊबाई स्वतःच आधी हसून घेत, म्हणजे आलेल्याची पंचाईत होत नसे. माणसं येऊन पुस्तकं वाचत, त्यांचा आवाज संगणकात साठवला जाई, आणि हा सगळा कारभार ‘बोलकं कपाट’ नावाच्या प्रोग्रॅमवर चाले. प्रोग्रॅम ओपन सोर्स होता. म्हणजे कुणा एकाच्या मालकीचा नाही, फुकट वापरायचा, आणि त्याचं मॅन्युअलही वापरणाऱ्यांनीच लिहायचं. चूक दिसली की कुणीही दुरुस्ती पाठवायची, पानप्रमुखाने ती बघून पानात घालायची. ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाईंना भरून आलं होतं. छापलेल्या पुस्तकातली चूक जन्मभर डोळ्यांत खुपत राहते. इथे चूक राहणारच नव्हती.

चूक होती चौथ्या पायरीत. जुन्या प्रोग्रॅमवरून नव्यावर जाताना काय काय करायचं, त्याचं एक पान होतं. त्यात चौथ्या पायरीला लिहिलं होतं: ‘सुटे नावाचा फोल्डर रिकामा करा. त्यात फक्त कचरा असतो.’ पूर्वी असे कचराच. पण दोन वर्षांपूर्वी त्या जुन्या प्रोग्रॅममध्येच एक बदल झाला, आणि ज्या पुस्तकांची अजून नोंद झाली नाही त्यांचं ध्वनिमुद्रण त्याच फोल्डरमध्ये जाऊ लागलं. बदल करणाऱ्यांनी बदल केला आणि हात झटकले. मॅन्युअल होतं तिथेच राहिलं.

बाईंना हे कळलं ते त्यांच्या स्वभावामुळे. जाऊबाईंच्या संगणकाला हात लावण्याआधी त्यांनी घरच्या संगणकावर सगळ्या पायऱ्या करून पाहिल्या. नमुन्यादाखल ग्रंथालयाच्या पेनड्राइव्हवरून एक प्रकरण आणलं होतं. चौथी पायरी केली आणि प्रकरण गायब. परत मिळण्याची सोय नाही, विचारणं नाही, काही नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. मग पेनड्राइव्हवरची तीच फाईल पुरावा म्हणून जोडून त्यांनी दुरुस्ती पाठवली. एक ओळ: ‘हा फोल्डर कधीही रिकामा करू नका, त्यात तुमची पुस्तकं आहेत.’ पेनड्राइव्ह पुसला गेला आणि नवं पुस्तक भरून एका वाचकाकडे गेला.

आठ दिवसांनी पानप्रमुखाचं उत्तर आलं की दुरुस्ती ठरलेल्या नमुन्यात नाही. बाईंनी नमुना भरला. मग ‘निळीशाई’ नावाने वावरणाऱ्या कुणीतरी कळवलं की ‘कधीही करू नका’ हे फार कडक वाटतं, आपल्या मॅन्युअलचा सूर मैत्रीचा आहे. बाईंनी लिहिलं, “विजेच्या खांबावर ‘धोका’ लिहितात, तेही मैत्रीनेच लिहितात.” यावर दोघांनी हसरे चेहरे पाठवले. पुढे फोल्डर म्हणावं की कप्पा, यावर तिघांची तीन आठवडे जुंपली. नंतर सगळे थकले आणि घोंगडं भिजत पडलं.

आणि भिजत पडलेल्यासाठी तिथे एक बॉट नेमला होता. तीस दिवस कुणी काही बोललं नाही की हा यांत्रिक कारकून दुरुस्ती बंद करून टाकी. चूक आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. म्हणून एकोणतिसावा दिवस, म्हणून लाल गोल. दहा महिने बाईंनी ती एक ओळ जिवंत ठेवली.

जाऊबाईंना त्यांनी बजावलं होतं, “एवढ्यात नव्यावर जाऊ नका. पानात चूक आहे. मी दुरुस्ती दिलीय.”

“बरं,” जाऊबाई म्हणाल्या होत्या. “तू म्हणशील तेव्हा.”

अकराव्या महिन्यात बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं आणि नेमकं लाल गोलावर येऊन पडलं. डोळ्यावर पट्टी, डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला मनाई केलेली. तीन शब्द लेकीला सांगितले असते तर तिने लिहिले असते. पण त्या दिवशी बाईंना डोळ्याशिवाय काही सुचत नव्हतं. बॉटने आपलं काम चोख केलं. ‘हालचाल नसल्यामुळे बंद. आपल्या सहभागाबद्दल आभार!’

पट्टी निघाली होती, पण पडद्याची मनाई अजून उठली नव्हती, तेव्हा एका सकाळी जाऊबाईंचा फोन आला. “येतेस का जरा?” एवढंच म्हणाल्या.

बाई जिना चढून वर गेल्या. जाऊबाई संगणकासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पडद्यावर नवाकोरा प्रोग्रॅम उघडलेला होता. डावीकडे ‘सुटे’, आणि त्यापुढे शून्य.

“ह्यांचं पुस्तक,” जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका समुद्रप्रवासाचं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं. चाळीस प्रकरणांपैकी एकतीस झाली आणि ते गेले. पुस्तक अपुरं म्हणून नोंद झाली नव्हती, आणि नोंद नाही म्हणून रोजच्या राखीव प्रतीतही ते जात नव्हतं. बाकीची नऊ प्रकरणं दुसऱ्या कुणाच्या आवाजात घ्यायला जाऊबाईंचं मन होत नव्हतं. मधूनमधून दुपारी खोलीचं दार लोटून त्या एखादं प्रकरण लावत. त्यांच्या घरात भाऊजींचा आवाज आणखी कशातही नव्हता. फोटोंचे तीन अल्बम होते. आवाज एवढाच होता, सुटे नावाच्या फोल्डरमध्ये.

“मी सांगितलं होतं ना तुम्हाला,” बाई म्हणाल्या. म्हणायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

“सांगितलं होतंस. दुरुस्ती दिली आहे म्हणालीस.” जाऊबाईंनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. “इथे बघ. शेवटची सुधारणा, गेल्या मंगळवारी. मला वाटलं, झाली एकदाची तुझी दुरुस्ती. छापखान्यात तू दुरुस्ती दिलीस की ती लागायचीच, पानात यायचीच ना? जुना प्रोग्रॅम सोमवारपासून बंद होणार म्हणून रोज सूचना येत होती. तुझा डोळा नुकताच बरा होतोय, तुला कशाला त्रास द्यायचा? मी पान उघडलं आणि आता जे लिहिलंय ते बरोबरच असणार म्हणून एकेक पायरी करत गेले. चौथीसुद्धा.”

बाईंनी तळाची तारीख पाहिली आणि मंगळवारी काय सुधारलं ते उघडलं. निळीशाईने ‘पुढे चला’ या बटणाचं चित्र हिरव्याचं निळं केलं होतं. पायरीला हात लावला नव्हता, पायरी वाचलीही नव्हती, पण पान ताजं झालं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा महिने घसा कोरडा केला तेव्हा एक ओळ हलली नाही, आणि बटणाला रंग फासायला यांना वेळ होता. त्या रंगाने माणूस फसलं होतं. तेही कोण, जिने आयुष्यभर बाईंच्या दुरुस्तीवर डोळे मिटून विश्वास ठेवला ती. ‘दुरुस्ती दिली आहे’ आणि ‘लागली आहे’ यांत किती अंतर असतं, हे सांगायचं काम कुणाचं होतं? त्यांचंच. ते त्यांना तेव्हा बोलवेना.

“एक प्रकरण आहे,” त्या एकदम म्हणाल्या. “चौदावं. माझ्या दुरुस्तीला जोडलं होतं.”

दुरुस्ती उघडायला गेल्या तर कुलूप. बंद झालेली दुरुस्ती फक्त पानप्रमुखाला उघडता येत होती, आणि बंद झाल्यापासून पंधराव्या दिवशी जोडलेल्या फायली आपोआप पुसल्या जाणार होत्या. आज चौदावा दिवस होता. बाईंनी पानप्रमुखाला लिहिलं. आपोआप उत्तर आलं: ‘कृपया विषय बैठकीत मांडावा.’ बैठक त्याच दुपारी तीनला होती. त्याखालीच आणखी एक पत्र पडलेलं होतं. सर्वांत जास्त वेळा प्रतिसाद दिल्याबद्दल बारकाईबाईंना यंदाचा ‘चिकाटीचा तारा’ जाहीर झाला होता.

“वा,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं.

तीन वाजता दोघी एकाच संगणकासमोर बसल्या. पडद्यावर चौदा चौकोन. पानप्रमुख चाळिशीचा, नीटनेटका, मागे पुस्तकांचं कपाट. त्याने वर्षाचा अहवाल वाचला. तीनशे बारा सहभाग, पानं नव्वद टक्के अद्ययावत. टाळ्यांची चित्रं उडाली. मग तो म्हणाला, “आता आपला तारा. मॅडम, दोन शब्द बोला.”

“माझी बंद केलेली दुरुस्ती उघडा,” बाई म्हणाल्या.

“हो, ते आपण विषय क्रमांक सातमध्ये...”

“आत्ता उघडा. आणि तिला जोडलेली फाईल लावा. सगळ्यांना ऐकू येईल अशी.”

पानप्रमुख थोडा गोंधळला. पण ताऱ्याला नाही कसं म्हणणार? त्याने दुरुस्ती उघडली आणि आपला पडदा सगळ्यांना दाखवला. फाईलच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: उघडली, शून्य वेळा.

“अकरा महिने ही तुमच्याकडे आहे,” बाई म्हणाल्या. “एकानेही उघडली नाही. कडक शब्दांवर बोललात, कप्प्यावर भांडलात. ती पायरी तुमच्यापैकी कुणी एकदा तरी करून पाहिली?”

निळीशाई, म्हणजे एक चष्मेवाली तरुण मुलगी, खाली बघत म्हणाली, “आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी पाहिली असेल.”

“माझ्या जाऊबाईंनी पाहिली. तुमची तारीख बघून. आज सकाळी.”

पानप्रमुखाने फाईल लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खाकरणं. आणि मग तो शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज. “प्रकरण चौदावं.” जाऊबाईंनी डोळे मिटले. जहाज, वारा, नकाशा, असं पाच-सहा वाक्यं चाललं आणि आवाज थांबला. “थांबा. चुकलं. ओळ सुटली माझी. पुन्हा वाचतो.” आणि तेच वाक्य पुन्हा, पहिल्या शब्दापासून. बोलकी पुस्तकं वाचणाऱ्यांची ती रीतच होती. चुकलं की तसं तोंडाने सांगायचं, म्हणजे नंतर कापणाऱ्याला कळतं.

पानप्रमुखाचा चेहरा लाल झाला होता. तो घाईघाईने टाइप करत होता. चौथी पायरी पडद्यावरून गेली आणि तिच्या जागी बाईंची ओळ आली, ‘कधीही’सकट. मिनिटसुद्धा लागलं नाही. “झालं,” तो म्हणाला. “मनापासून दिलगीर आहोत. ही फाईल तुम्हाला लगेच पाठवतो. आता बंद करू ना? अजून चार विषय आहेत.”

जाऊबाई पडद्याकडे वाकल्या. “प्रकरण संपेपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “मध्येच उठलेलं ह्यांना आवडायचं नाही.”

चौदापैकी एकही चौकोन विझला नाही. खाली दुकानात कुणीतरी चष्मा लावून अक्षरं वाचून दाखवत होतं, तेवढाच काय तो दुसरा आवाज. बाईंचा ऑपरेशनचा डोळा चुरचुरत होता.

“चुकलं माझं, जाऊबाई,” त्या हळूच म्हणाल्या. “लागली नाहीये, हे तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“हं,” जाऊबाई म्हणाल्या. “ऐक आता.”

प्रकरण चाळीस मिनिटांचं होतं. तेवढ्यात भाऊजी नऊ वेळा चुकले, आणि नऊही वेळा त्यांनी तसं सांगितलं.