तिसऱ्या कवितेचं उत्तर

लेकीने ‘अस्तवेस्त’ऐवजी ‘अस्ताव्यस्त’ टाइप केलं आणि वहीचं पान उलटलं.

“काय बदललंस?” पलंगावरून आईने विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

“काही नाही. एक काना राहिला होता.”

“काना घाल. शब्द बदलू नकोस. सर म्हणालेत, शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, मत स्वतःचं हवं.”

रविवारची दुपार होती. आई सकाळची पाळी संपवून आली होती. इस्पितळाच्या धुलाई विभागात दोघी रजेवर, त्यामुळे तिने एकटीने तिघींचं काम ओढलं होतं. लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे शिणायचे, आणि आज सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच. पण स्वाध्याय उद्या टाइप करून द्यायचा होता, आणि आईच्या बोटांचे सांधे सुजले होते.

बावन्नाव्या वर्षी आईने बी.ए.ला नाव घातलं तेव्हा आत्या म्हणाली होती, “म्हातारचळ म्हणतात तो हाच.” त्यावर आई म्हणाली, “असेल. चळ लागायलासुद्धा फुरसत लागते. मला आत्ता मिळाली.”

स्वाध्यायात तीन जुन्या कविता होत्या, तिन्ही मरणाच्या. वाचून स्वतःला काय वाटलं ते लिहायचं होतं. पहिल्या कवितेत राजा मरतो आणि नगराची घडी विस्कटते. घोडे जिने चढतात, विहिरी आटतात. आईने लिहिलं होतं, ‘कवी म्हणतो तसं अस्तवेस्त होत नाही. माणूस गेल्यावर सगळं जागच्या जागी असतं. नळाला पाणी वेळेवर येतं. त्रास त्याचाच होतो. राजाचं वेगळं असेल.’

दुसऱ्या कवितेतली बाई मरणाला उंबऱ्यात अडवते आणि पाय धुऊन मगच आत ये म्हणते. ‘ही बाई मला आवडली. पण तिच्या हाताखाली माणसं असावीत. आमच्याकडे मरण येतं तेव्हा आम्ही कामात असतो.’

“आई, सर हसतील.”

“हसू देत. वर्गात सगळे चेहरे पाडून बसतात, जसा काही कवी कालच गेला.”

तिसऱ्या कवितेत एक माणूस मेलेल्याच्या उशाशी बसून राहतो. लोक बोलावतात, दिवस मावळतो, तो उठत नाही. खाली आईचं अक्षर एकदम बारीक झालं होतं.

‘मी उठले.’

लेकीने ते दोन शब्द टाइप केले आणि हात थांबवले.

चार वर्षांपूर्वी बाबा त्याच इस्पितळात गेले, सकाळी अकराला. ती परगावाहून पोचली तेव्हा दोन वाजायचे होते. खाटेजवळ फक्त आत्या. “तुझी आई खाली कामावर गेली,” आत्या म्हणाली. “नवऱ्याला जाऊन तीन तास झाले नाहीत.” ती खाली गेली. आई एप्रन बांधून यंत्रात चादरी भरत होती. तिने हाक मारली नाही, तशीच वर आली. पुढे चार वर्षं औषधं, भाडं, आत्याचे गुडघे, सगळं बोलणं झालं. ते तेवढं राहिलं.

तिने पुढे वाचलं.

‘माझे मिस्टर शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय ते दारात दूध घ्यायलाही जात नसत. माझा डबा विसरला तर आणून देत, म्हणून धुलाईतल्या बायका त्यांना ओळखत. शेवटच्या दिवशी त्यांचा ताबा राहिला नाही. चादर फार खराब झाली. त्यांना ते कळत होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि तसेच गेले. वॉर्डातल्या चादरी बाराला खाली येतात. गाठोड्यावर खाटेचा नंबर असतो. मैत्रिणींनी ते गाठोडं सोडलं असतं. म्हणून मी आधी पोचले. ती चादर धुतली. एकच धुऊन गेले तर कळेल, म्हणून बाकीच्याही धुवायला घेतल्या. कवीला असं काही काम नसावं. तो बसू शकला याचा मला हेवा वाटला.’

लेकीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला.

“कितवं चाललंय?” आईने विचारलं.

“तिसरं.”

आई उठून बसली. “ते कच्चं होतं गं. पान फाडायचं राहिलं.”

“आई, हेच खरं उत्तर आहे. याला मार्क मिळतील.”

“मिळतील. पण चांगलं उत्तर सर वर्गात मोठ्याने वाचून दाखवतात.” ती सुजलेली बोटं चोळत राहिली. “चौघींना कळू नये म्हणून जीव तोडून पळाले. आता चाळीस जणांना सांगू?”

“मग काय लिहू?”

“लिही, भाषा साधी आहे. शेवट परिणामकारक आहे.”

लेकीने ‘मी उठले’ पुसलं आणि ती दोन वाक्यं टाइप केली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आईकडे आली तेव्हा आईने तपासलेला स्वाध्याय तिच्यापुढे ठेवला. वीसपैकी बारा. खाली लाल शाईत शेरा होता, ‘पहिली दोन उत्तरं जिवंत. तिसऱ्यात कवितेशी नातं जुळलेलं दिसत नाही. मृत्यूकडे थोडं जवळून पाहायला हवं होतं.’

लेकीने शेरा दोनदा वाचला. सवयीने चुका शोधल्या. एकही नव्हती.

“बारा म्हणजे पास,” आई खुशीत म्हणाली. “उगीच वाद घालत होतीस.”

“आई, त्या दिवशी तू काही खाल्लं होतंस?”

आईने तिच्याकडे पाहिलं. कोणता दिवस, असं तिने विचारलं नाही.

“खाल्लं,” ती म्हणाली. “पोटभर खाल्लं. फार भूक लागली होती, लाजच वाटली. आमच्यातली थोरली होती ना, तिने तिचा डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, तू बस, खा. बाकीच्या चादरी आम्ही धुतो.”

“बाकीच्या?”

“हो. बाकीच्या म्हणाली.”

“म्हणजे त्यांना—”

“मी विचारलं नाही,” आई म्हणाली. “त्यांनीही कधी काढलं नाही.”

लेकीने स्वाध्याय मिटला आणि खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसली.