बर्फातली नळी

थर्माकोलच्या पेटीचं झाकण निघताना अंगावर काटा आणणारा जो चरचर आवाज होतो, त्याच्यामागोमाग शैलजा मॅडमचा सुस्कारा आला नाही, असा एकही चैत्र मला आठवत नाही. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत खिडकीतून पांढरंफटक ऊन उतरायचं, पंखा तापलेला वारा ढवळत राहायचा, आणि मॅडम चष्मा कपाळावर सरकवून पेटीत डोकवायच्या. आत बर्फ. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्याची इवलीशी नळी त्यात गळ्यापर्यंत पुरलेली.

या आजाराचा जंतू माणसाचा जीव घेण्याइतका क्रूर आणि गारव्यानं मरण्याइतका नाजूक. तो मेला की वाढवता येत नाही. वाढला नाही की त्याची जनुकं उलगडून तो कुठल्या कुळीतला, साथ कुठून कुठे सरकते आहे, हे ताडता येत नाही. हे सांगून सांगून मॅडमच्या तोंडाला फेस आला. पण उन्हाळ्यात जे नाजूक ते बर्फात, हा आमच्या मराठवाड्याचा जणू कुळाचार. त्यात लसीचे डोस बर्फातून नेण्याची सवय अंगात भिनलेली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

"मॅडम, लई जपून आणलं बघा. अहमदपुरात बर्फबी बदललं," लातूरहून नळी घेऊन आलेले ड्रायव्हर गफूरभाई एका चैत्रात कौतुकानं म्हणाले.

"भाई, जपून मारलंत हो," एवढंच बोलून मॅडम खुर्चीत बसल्या. राग काढायचा तरी कुणावर, मायेवर?

ती नळी इस्लापूरच्या मुलीची होती. लातूरला क्लाससाठी वसतिगृहात राहायची, दगावली. थोड्याच दिवसांत त्याच वसतिगृहातली, देवणीची एक मुलगी तापानं फणफणली. या खेपेला मॅडम स्वतः गेल्या आणि नळी काखेच्या उबेत धरून, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारख्या अवघडून परतल्या. जंतू वाढला, त्याची कुळी कळली, मुलगी बरी झाली. वसतिगृहातल्या सगळ्यांना औषधं दिली गेली. पण ती कुळी जुळवायची कशाशी? पहिली नळी मुकीच होती.

मग पहिल्या मुलीच्या वडिलांचा फोन आला.

"म्याडम, माझ्या लेकीपासून त्या पोरीला झालं का हो? लोक तसंच बोलून राहिलेत. ती तर न्हाई आता सांगायला."

मॅडमना हो म्हणता येत नव्हतं, आणि नाही म्हणायला पुरावा बर्फात मेला होता. "दादा, मला नाही सांगता येत," त्या शेवटी म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी ती रिकामी पेटी लाथेनं कोपऱ्यात ढकलली. इतकी चीड मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

मॅडम आता निवृत्त झाल्या. खेकसण्याचं काम माझ्याकडे आलं. बर्फातल्या नळ्या अजून येतात. चैत्रात त्या वडिलांचा फोनही येतो, तोच प्रश्न घेऊन. काळ दुःखाला गार करतो म्हणतात. पण काही गोष्टी गार झाल्या की कायमच्या मुक्या होतात, आणि एक बाप वर्षानुवर्षं त्यांच्याच बोलण्याची वाट पाहत राहतो.